हात वर न करता

तीर्थरूप पप्पा,
तुम्हाला आणि आईला बंगळूरहून पायलचा मनापासून जयभीम.

फोनवर तुम्ही बोलायचं टाळता, लगेच आईकडे देता, म्हणून हे पत्र खास तुम्हाला. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

पप्पा, माझं डिझाइन पास झालं! आमच्या कंपनीचा तो मोठा चष्मा डोळ्यांवर चढवला की फोटो, कागद खोलीत हवेत तरंगताना दिसतात. हात उंचावून ते पकडायचे आणि हवे तिथे लावायचे. मी विचारलं, "ज्याचा हात वरच जात नाही, त्याने काय करायचं?" आमच्या नीलिमा मॅडम म्हणाल्या, "ते नंतर बघू."

मग काल मीटिंगमध्ये मी माझी रीत दाखवली. फोटोकडे बघायचं, हात मांडीवरच ठेवून बोटाला अंगठा टेकवायचा, मग जागेकडे बघून सोडायचा. फोटो तिथे जाऊन बसतो. मॅडमनी चष्मा चढवला, माझी ओढणी मागितली, स्वतःचे हात मांडीशी बांधून घेतले आणि हवेतल्या फोटोंचा सगळा पसारा आवरला. "पायल, हे सगळ्यांनाच देऊ," म्हणाल्या. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं!

उजव्या हाताचा व्यायाम चालू आहे ना? रवीदादा दवाखान्यात नेतो ना? कंटाळून सोडू नका, पप्पा. माझं लक्ष तिकडेच असतं.

पुढच्या महिन्यात चष्मा घेऊन येते. ओझरच्या कारखान्यातले तुमचे सगळे फोटो त्यात भरलेत. डाव्या हातानेही चालतं. कुठला फोटो कुठे लावायचा, ते तुम्हीच ठरवायचं. आईने मध्ये बोलायचं नाही, तिला आत्ताच सांगून ठेवा.

तुमचीच,
पायल