सहा मीटर उंचीची आई

झगाझिग, ईदचा दुसरा दिवस

चि. नजला हीस सलाम. आशीर्वाद खुलासा आल्यावर.

तक्रार गंभीर आहे. हजहून परतणाऱ्या आईचा सहा मीटर उंच फ्लेक्स घरावर लावायचा, आणि तू फोटो पाठवतेस तो बोटाच्या पेराएवढा! तोही आपल्या समीराच्या लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. मोठा केला की एकेक ठिपका बस्बूसाच्या वडीएवढा होतो. मधली रिकामी जागा संगणकाने स्वबुद्धीने भरली, त्यात आईला मिशी फुटली. ती मी उतरवली. पण खांद्यावरचा परका हात कोणाचा? छापल्यावर तो दीड मीटर भरेल. मागे काबा, पुढे आई, खांद्यावर पंजा! गल्ली म्हणेल, हाजीणबाई एकट्या गेल्या नव्हत्या वाटतं.

परवा हजच्या मुख्य दिवशी अराफातच्या मैदानातून आला तो आईचा शेवटचा फोन. तिच्यासाठी फोन मोकळे ठेवायचे ही तुझी आज्ञा, म्हणून हे पत्र मिनीबसवाल्या फतहीबरोबर.

कितीही ताणला तरी न फाटणारा लोभ आहेच.
रिफअत

इस्माइलिया, तिसरा दिवस

ती. दादास सलाम.

हात रूहियामावशीचा. पुसायचा म्हटल्यावर ती फणकारली, की मग लग्नातला तिचा आहेरही परत करा. ठेवणार असाल तर निदान मेंदी तरी काढा. आणि आईचे डोळे इतके मोठे करू नकोस. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, ही आपल्याला जेवलास का म्हणून दटावतेय.

यात्रा कंपनीत जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, उन्हाळा फार आहे, फोन लागत नाहीत, पण तुमच्या आई सुखरूप आहेत. दादा, त्याने आईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

माया असू दे, मिशी नको.
नजला

झगाझिग, चौथा दिवस

चि. नजला,

मेंदी काढली, मावशीचा हात आता आईपेक्षा नटवा दिसतो. डोळे दोनदा लहान केले, एकदा मोठे. कडेला दुमडपट्टी सोडली, ‘हज कबूल होवो’ ही ओळ वर घातली. काम सकाळीच संपलं होतं. तरी मी ठिपके पुसत बसलोय.

आमच्या फ्लेक्स-छपाईच्या दुकानात हजचा आणि शोकाचा फ्लेक्स एकाच मापाचा असतो. चेहरा तोच, वरची ओळ तेवढी बदलायची. म्हणून छापायला टाकत नाही. आई जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही, नजला. मला फार भीती वाटते.

तुझा भाऊ,
रिफअत