नऊ नंबरच्या खोलीतला धूप

गारिसा,
६ नोव्हेंबर १९९५

ति. समतरदादास,
उबाहचा सलाम वि. वि.

बुधवारी मुलगी झाली. नाक तुझं आणि आवाज आईचा, तेव्हा पोरीचं पुढे कसं व्हायचं ते देवच जाणे! उद्या नाव ठेवू. आईच्या मनात हिबो आहे, म्हणजे हिबोच ठरलं.

आता चाळीस दिवस मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला मनाई. आई दोन वेळा निखाऱ्यावर धूप घालते, उंटाच्या मांसाचं कढण पाजते आणि मी नुसती खिडकीशी गेले तरी डोळे वटारते. पोरीचा बाप नूर ट्रक घेऊन युगांडाच्या वाटेवर, तो महिनाभर फिरकत नाही. तेव्हा ईस्लीतलं माझं दुकान तुझ्या भरवशावर आहे.

लॉजच्या खोल्यांत दुकानं मांडलेल्यांसाठी हाजींचा नियम तुला ठाऊक आहे. तीन दिवस शटर खाली राहिलं की खोली दुसऱ्याची. वीस जण डोळे लावून बसलेत. त्या एवढ्याशा नऊ नंबरसाठी मी तीन वर्षं जिन्याखाली चादर पसरून माल विकला. ती गेली तर पुन्हा जिन्याखाली बसायचं बळ माझ्यात नाही, दादा. खरंच नाही.

चार वर्षं टपरीवर बसून तू जगाचं राजकारण सोडवलंस, आता चाळीस दिवस बायकांचे झगे वीक. झोपायलाही तिथेच ये, गाठोड्यांवर छान जागा होते. बायका सगळा माल उलगडतील, उलगडू दे. आल्या-गेल्याला चहा दे. रंग शोभत नाही असं कुणालाही सांगू नकोस. आईच्या हातच्या धुपाच्या पंधरा बाटल्या आहेत, त्या जपून काढ. आणि लढाईआधी सोमालियात, किसमायोला तू भूगोल शिकवायचास हे कृपा करून कुणाला ऐकवू नकोस.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी उबाह


ईस्ली, नैरोबी,
१२ नोव्हेंबर १९९५

चि. उबाहस,
अनेक आशीर्वाद. चि. हिबोला मामाचे पहिले पापे.

तुझ्या दुकानाचा हालहवाल कळवतो. पहिल्याच दिवशी एका बाईला मी खरं ते सांगितलं की हिरव्यात तुम्ही आजारी दिसता. ती गेली आणि जिन्यापर्यंत माझा उद्धार करत गेली. दुसऱ्या दिवशी सहा जणींनी मिळून सगळी फळी उलगडली आणि काही न घेता निघून गेल्या. हे झिरझिरीत झगे हातात थांबत नाहीत गं. घडी घालायला बसलो तर शेजारच्या दहा नंबरच्या हलीमोबाई दारात खुर्ची टाकून बघत बसल्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

धूप संपला. लगीनसराई आहे, पाच दिवसांत पंधराही बाटल्या गेल्या. मी जपून काढणार होतो, पण बायकांपुढे माझं जपणं चालत नाही. आता त्या दारातूनच धूप आहे का विचारतात आणि नाही म्हटलं की पुढे जातात. हलीमोबाई म्हणाल्या की झगे काय, तीस दारांत मिळतात. तुझ्या बहिणीकडे बायका येतात त्या धुपासाठी. महिनाअखेरीला हाजी स्वतः फिरून कुठली खोली चालते ते बघणार आहेत, असंही कानावर आलं.

आईकडून कृती लिहून घे आणि लगेच बसच्या ड्रायव्हरबरोबर धाड. नाहीतर मला शटर ओढून घ्यावं लागेल. आईला सलाम.

तुझा हतबल दादा,
समतर


गारिसा,
१६ नोव्हेंबर १९९५

ति. दादास सलाम वि. वि.

शटरला हात लावलास तर याद राख!

आईला कृती विचारली. ती म्हणाली की तिच्या आईने तिला चुलीशी बसवून शिकवली, ती काय ड्रायव्हरच्या खिशातून पाठवायची? शिवाय पुरुषांनी धूप हुंगावा, शिजवू नये, असंही ऐकवलं. ती स्वतः करून द्यायला तयार आहे, पण तिला हवी ती अत्तरं इथे मिळत नाहीत, मोम्बासाहून यायला दोन आठवडे तरी जातील.

तोवर दार उघडं ठेव. गिऱ्हाईक नसलं तरी बसून राहा. आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस, ही हात जोडून विनंती. मी इथे पडल्या पडल्या सारखी छताकडे बघते आणि मला त्या खोलीचं शटरच दिसतं.

तुझ्या मायेची आशा धरून,
उबाह


ईस्ली,
२२ नोव्हेंबर १९९५

चि. उबाहस अनेक आशीर्वाद.

मी धूप केला. रागावण्याआधी पुरतं वाच.

लहानपणी आई धूप करायची तेव्हा मी तिच्या पाटाशी बसलेलो असायचो, तू तर तेव्हा रांगत होतीस. साखर काळी होईपर्यंत वितळवायची, मग लोबान, मग अत्तर, एवढं पक्कं आठवत होतं. शेवटी ती एका डब्यातून तपकिरी पूड घालायची. तुझ्या मागच्या फळीवर तसलाच एक डबा सापडला. वास इतका खमंग की मी तो सगळाच रिता केला. हलीमोबाईंनी नाक आत घालून हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आपल्या खोलीत गेल्या. कौतुकाने बोलवेना झालं असावं.

वीस बाटल्या भरल्या, तीन दिवसांत सतरा गेल्या! एक तुझ्यासाठी ड्रायव्हरबरोबर धाडतो आहे. आईला सांग, भूगोलाच्या मास्तरचं नाकही काही कमी नाही.

आता जरा ताठ मानेने,
तुझा दादा


गारिसा,
२६ नोव्हेंबर १९९५

ति. दादास सलाम वि. वि.

अरे, तो भाताचा मसाला होता! दुपारी मी दुकानातच भात टाकते, त्याचा डबा! वेलची, लवंग, जिरं, दालचिनी, सगळं माझ्याच हातचं.

इथे काय झालं ते ऐक. मी निखाऱ्यावर तुझा धूप घातला. पहिल्यांदा बाहेरून आईने विचारलं की तिला न सांगता भात कुणी चढवला. मग शेजारच्या दोघी बाळ बघायचं निमित्त काढून आल्या आणि स्वयंपाकघराकडे बघत बसल्या. मी हसले ते पोट धरून, आणि बाळंतिणीने हसू नये म्हणून आईने मला रागे भरलं, ती स्वतः तोंडाला पदर लावून.

हसू ओसरल्यावर मात्र आधी बाटलीचं बूच घट्ट लावलं. लोकांच्या लग्नघरात आपण भाताचा मसाला जाळला, दादा. माझं नाव गेलं तर खोली राहून तरी काय उपयोग? एकेकीच्या दारी जा, माफी माग, बाटल्या परत घे. हाजी येण्याआधी हे उरक.

चिंतेत असलेली,
उबाह

ता. क. आईने मघाशी आणखी एक चिमूट निखाऱ्यावर टाकली. का ते विचारलं तर मला बाळाकडे बघ म्हणाली.


ईस्ली,
३ डिसेंबर १९९५

चि. उबाहस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरोघर फिरलो. बाटली परत द्यायला एकही बाई तयार नाही! उलट सगळ्या आणखी मागतात, म्हणून तू लिहिलेला मसाला कुटून दुसरा घाणा केला. पहिलीने सांगितलं की तिचा नवरा टपरीवरून कधी वेळेवर उठायचा नाही, आता संध्याकाळच्या नमाजानंतर सरळ घरी येतो आणि जेवण कुठे आहे म्हणून विचारतो. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. काल टपरीवाला स्वतः भांडायला आला की माझ्यामुळे त्याची बाकं ओस पडली. त्यालाही बायकोसाठी एक बाटली दिली.

एक म्हातारी मात्र स्वतःच दुकानात येऊन गाठोड्यावर बसली. किसमायोचीच. मी माफी मागायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. म्हणाली की लग्नघरात कधी नुसता धूप असतो का? आतल्या खोलीतून धूप आणि अंगणातून भात, दोन्ही वास एकाच दारातून येतात. इतकी वर्षं धूप जाळते आहे, पण तिचं घर तिला परवाच आठवलं. मग ती रडली आणि हसली, आणि माझंही तेच झालं. शाळा सोडल्यापासून माझ्या हातून कुणाचं काही भलं झालं नव्हतं, उबे.

हाजी गुरुवारी आले. दारातच थांबले, हुंगलं, ताट कुठे आहे म्हणून विचारलं. रांगेतल्या बायका पाहिल्या, दोन बायकांच्या दोन घरांसाठी दोन बाटल्या घेतल्या आणि खोली पक्की म्हणून सांगून गेले. रंगारी पाठवणार आहेत, दारावर नाव कुणाचं घालायचं ते कळव. तुझंच, हे उघड आहे, पण विचारून घेतलेलं बरं. तू आलीस की किल्ली तुझ्या हाती देईन आणि मी माझ्या टपरीवर जाईन, टपरीवाला बसू देईल तर.

घडी आता नीट येते.

तुझा दादा


गारिसा,
८ डिसेंबर १९९५

ति. दादास,
तुझ्या बहिणीचा आणि भाचीचा सलाम वि. वि.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. म्हातारीपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा तिथूनच वाचायला लावलं.

रविवारी चाळीस दिवस पुरे होतात. त्या दिवशी बाळंतीण पहिलं पाऊल कुणाच्या घरी टाकणार, यावर इथे मोठी चढाओढ आहे. दोन मावश्यांनी आपापली अंगणं झाडून ठेवलीत आणि शेजारीण रुसून बसली आहे. मी सगळ्यांना सांगितलं की माझं कधीचं ठरलंय, मी माझ्या भावाच्या घरी जाणार. त्याला घर कुठे आहे, असं मोठ्या मावशीने विचारलं. नऊ नंबर, असं आईनेच उत्तर दिलं.

तेव्हा रविवारच्या बसने आम्ही तिघी निघतो. आम्हाला घ्यायला येऊ नकोस, दुकान उघडं ठेव. रंगाऱ्याला सांग, वर तुझं नाव आणि खाली माझं. थोरला तू आहेस. किल्ली तुझ्यापाशीच राहू दे. चहा टाकून ठेव, पाहुणे पहिल्यांदाच तुझ्या घरी येताहेत.

तुझी,
उबाह