स्लॅबचा रविवार

४ नोव्हें., मंगळवार
नवापूरच्या मिक्सरवाल्याचा फोन. शनिवार त्याने दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. "ताई, ऐतवारले सकायमा येस. नही ते मंग पुढला मयनामा." आणि सोमवारी ऊसतोडीचा ट्रक. आमची बहुतेक मंडळी बारडोलीकडे जाणार, ती होळीलाच परत. मग घमेली कोण देणार, मी आणि पाळकसाहेब? चर्चच्या भिंती उभ्या, सळई बांधून तयार, वर आभाळ. रविवारी स्लॅब टाकायचा हे आबांना कोण सांगणार? मीच. त्यांची मुलगी, वर बांधकाम कमिटीची सेक्रेटरी.

५, बुधवार
सांगितलं. आबा विळ्याला धार लावत होते, हात थांबला नाही. आमच्या पाड्यात येशूवर पहिला विश्वास धरला तो त्यांनी. तेव्हापासून रविवारी शेतात पाय नाही. एकदा कापलेला भात पावसात भिजला तरी उचलला नाही, आईने वर्षभर ऐकवलं. आबा म्हणाले, "देवाचा दिवस मोडून देवाचं घर? बांधा. मी आत पाय ठेवणार नाही." आपल्या बोलीत याहून कडक लागतं. रात्रीची भाकर स्वतःच थापली, माझ्याकडे भाजीसुद्धा मागितली नाही. खरं लिहायचं तर मला या घडीला देवाची भीती नाही, आबांची आहे.

६, गुरुवार
कमिटी. पाळकसाहेब तरुण, दोन्ही डगरींवर हात. "मंडळी ठरवेल ते."
माझा भाऊ सुरेश दरवर्षी ट्रकने जातो. तो म्हणाला, "आम्ही येतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. एकदा तरी आमचे हात लागू द्या." 
मग कमिटीतल्या जयंतीभाऊंनी बायबलमधला, विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला काढला. शब्बाथ, विसाव्याचा दिवस असला तरी माणूस त्याला वर काढतोच की. आबा म्हणाले, "तो बैल आपोआप पडला होता. तुमचा तुम्ही मंगळवारपासून काठावर नेऊन बांधलाय." मला हसू आलं, दाबलं.
मतं सारखी पडली. उरलं माझं. मी रविवार म्हणाले. आबा काठी घेऊन उठून गेले.
ठरलं ते असं: पहाटे सहाला उपासना, मग काम. देव आधी.

८, शनिवार
आबांचा अबोला. सुरेशची बायको गोधड्या, भांडी बांधतेय. मी प्रार्थनेला बसले, पण डोक्यात सिमेंटच्या गोण्या.

९, रविवार
बोटं सिमेंटने फाटलीत. जमेल तसं लिहिते.
उपासना चालू असतानाच मिक्सर आला, ड्रायव्हर हॉर्न देत बसला. पाळकसाहेबांनी एक गीत गाळलं, साक्षी गाळल्या, आशीर्वाद देऊन मोकळे झाले. देव आधी होता खरा. सात वाजेपर्यंत.
आबा आले नाहीत. नेहमीच्या वेळेला, पलीकडच्या कुडाच्या झोपडीत, जिथे आमची मंडळी इतकी वर्षं बसते, त्यांनी एकट्यानेच उपासना सुरू केली. मशीनच्या आवाजात काही कळत नव्हतं. मग चहासाठी मशीन बंद केलं आणि ऐकू आलं. आबा नावं घेत होते. ट्रकने जाणाऱ्या एकेकाचं नाव, त्यांच्या पोरांची नावं. याला कोयत्यापासून राख, हिला तापापासून राख, यांना मुकादमाच्या तोंडापासून राख. निघण्याआधीच्या रविवारी ही प्रार्थना दरवर्षी होते. सकाळच्या घाईत आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आली नाही. ज्यांच्यासाठी रविवार मोडला, त्यांनाच विसरलो. 
सुरेशने घमेलं खाली ठेवलं आणि झोपडीकडे गेला. मागोमाग त्याची बायको. मग सगळी रांगच फुटली.
रावजी गवंडी वरून म्हणाला, "ताई, बोलाव त्यांना. माल बसतोय. नवा-जुना माल जुळला नाही, सांधा पडला तर तिथूनच गळेल."
बोलवायलाच गेले होते. दारात पोचले तेव्हा आबा सुरेशच्या धाकट्या लेकीचं नाव घेत होते.  शेवटच्या नावापर्यंत तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
नंतर सगळे परत आले, दिवस मावळेपर्यंत स्लॅब पुरा केला. मधोमध सांधा पडलाच. रावजीने त्यावर सिमेंटचं पाणी ओतलं.

१०, सोमवार
ट्रक गेला. आबा रस्त्यापर्यंत आले, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. मी आल्यावर स्लॅबवर पाणी मारलं. पाडा रिकामा वाटतो.

१३, गुरुवार
सांध्याखाली ओल. रावजी म्हणतो, पावसाळ्यातच काय ते कळेल.
पाळकसाहेबांना नाताळ नव्या चर्चमध्येच हवाय, पहिली प्रार्थना आबांनी करायची. विचारा म्हणाले. इतक्या दिवसांत आबांशी पहिलं बोलणं हेच.
आबांनी विचारलं, "आत कोण बसणार?"
"आहोत ते सगळे."
"कोण कोण?"
मी मोजायला लागले. पाळकसाहेब, जयंतीभाऊ, म्हाताऱ्या बाया, आपण दोघं. पुढची नावं सगळी ट्रकने गेलेली.
"एवढ्यांना झोपडी पुरते," आबा म्हणाले.
पाळकसाहेब उद्या उत्तर मागतील.