चार दाणे परत

आई, मी परवा काश्मीरातून आली. गुडघा अजून सुजलेला आहे आणि डोक्यात असा गोंधळ माजला आहे की कोणाले सांगावं तेच समजत नाही, म्हणून तुले लिहून राहिली. माझी शाळा हिंदीत, ऑफिस हिंदीत, मराठी तेवढीच जेवढी तू स्वयंपाकघरात बोलली, त्यामुळं हे काही शुद्धबिद्ध नाही, समजून घेजो. तुले हसूच येईल म्हणा. जिनं जन्मभर चढण म्हणून फक्त ऑफिसचा जिना पाहिला, तोही लिफ्ट बंद असली तरच, ती तुझी पोट्टी या वयात पाठीवर बोजा बांधून डोंगरातले तलाव पाहत फिरली. रोज एक खिंड चढायची, पलीकडं उतरायचं, तलावाजवळ तंबूत झोपायचं, सकाळी पुन्हा चालायचं. लोक हे हौसेनं करतात, आई. पैसे भरून करतात. तू असती तर म्हटलं असतं, कामधंदा नाही काय यांले.

हौस माझी नव्हती, तुझ्या नातीची. ती बंगलोरले नोकरी करते, दिवाळीनंतर तिचं लग्न आहे. म्हणे, "मम्मी, शादी के पहले एक बार सिर्फ हम दोनों." मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालते. तयारी म्हणून मी दोन महिने पहाटे बूढ़ा तालाबाच्या भोवती फेऱ्या मारल्या आणि दुपारी नवा रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर पाय मोकळे केले, तर ऑफिसातल्या पोरी विचारत, दीदी, गाडी खराब झाली काय. सगळं ठीक चाललं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी भिलाईहून जाऊबाईंचा, म्हणजे पोरीच्या बड़ी मम्मीचा, फोन आला. त्या मनानं वाईट नाहीत, आई, हे आधीच सांगते. म्हणाल्या, "लग्नात ओटी मी भरीन पोरीची, तू त्याची काळजी करू नको. तुझ्यावर तशी वेळ येऊ द्यायची नाही आम्हाले." तशी वेळ. तुझे जावई गेले त्याले चार वर्षं होत आली. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पोरगी बंगलोरहून आलेली, मागंच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. "आप भरोगी. नहीं तो कोई नहीं भरेगा," ती म्हणाली. मी म्हटलं, पाहू. "पाहू नहीं, मम्मी. लौटने तक बता देना." म्हणजे बोजा पाठीवर चढायच्या आधीच एक डोक्यावर चढला.

आता तूच सांग, मले काय उत्तर द्यायचं होतं? मी शिकलेली, फायली निपटवणारी बाई. हळदीकुंकवाले मले बोलवत नाहीत तर मीच म्हणते, बरं झालं, संध्याकाळ वाचली. पण खरोखर पोरीसमोर तांदूळ घेऊन बसायचं म्हटलं की एकच मनात येते. तिचं काही वाईट झालं तर? हा विचार माझा आहे, की तुझा, की जाऊबाईंचा, हे मले वेगळं करता येत नाही.

तुले नवं पाणी दिसलं की तू ओटी भरल्याशिवाय पुढं जात नव्हती. राजिमले महानदी, तिकडं शिवनाथ, बूढ़ा तालाब तर दर पावसाळ्यात भरून आला की. खण, तांदूळ, हळकुंड, एक नारळ. घाटाच्या पायरीवर उकिडवं बसून तू पाण्याशी असं बोलायची जसं एखादी पाहुणी लेकुरवाळी समोर बसली आहे. बाबा मागं उभे राहून म्हणायचे, "अवं, गाडी सुटते, नदीले सांग पुढच्या वर्षी येऊ." बाबा गेले त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला होता. तू मले घेऊन गेली, पायरीवर उभी राहिली, हात रिकामे. पाय बुडवले आणि म्हणाली, "चल." मी विचारलं, काहून व आई, यंदा नाही? तू मागं वळून पाहिलं नाही. माझ्या लग्नातही तेच. मामीनं ओटी भरली, तू स्वयंपाकघरात पुऱ्या मोजत होती. मी तुले ओढून आणायले आली तर तू माझ्यावर केवढ्यानं ओरडली! "मंगल कार्यात हट्ट करू नको. जा, तुझ्या जागी बस." पिठाचे हात होते, तरी मले दारापर्यंत ढकललं. तो पिठाचा पंजा माझ्या शालूवर सगळ्या फोटोंत दिसते.

बॅगेत मी काय भरलं सांगू? पंडरीच्या बाजारात ट्रेकसाठी गरम मोजे घ्यायले गेली, आणि येताना हिरवा खण घेऊन आली. काहून घेतला, देव जाणे. घरून पिशवीभर दुबराज तांदूळ घेतला. पोरीनं बॅग उचलून पाहिली आणि कपाळावर हात मारला, "मम्मी, वहाँ खाना मिलता है!" मी म्हटलं, राहू दे.

पहिला तलाव दिसला तेव्हा मी खाली बसली. थकून नाही, थकली होतीच, पण तसं नाही. आपल्याकडचं पाणी मातीच्या रंगाचं, माणसांचं, म्हशींचं, कपड्यांचं. हे पाणी निळंही नव्हतं, हिरवंही नव्हतं, आणि त्याच्या काठाले कोणी नव्हतं. वर बर्फाचे पट्टे, खाली दगड, मधात हे एकटं. माझा हात आपोआप बॅगेच्या चेनवर गेला. पण आमचा गाइड, काश्मिरी, उंच, हसरा, त्यानं तंबू लावायच्या आधीच सगळ्यांले उभं करून सांगितलं होतं, "झील में कुछ नहीं डालना. फूल भी नहीं. आप जाओगे, पानी यहीं रहेगा." बाकीचे फोटो काढायले गेले. मी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. पोरगी जवळ आली, हळूच म्हणाली, "डाल दो न, कोई नहीं देख रहा."

"नियम आहे," मी म्हटलं.

"नियम है, या वो बड़ी मम्मी वाली बात है?"

पोट्टीनं बरोबर नस पकडली. गाइडनं नाही म्हटलं याचं मले खरं तर बरं वाटलं होतं. विधवेनं पाण्याची ओटी भरावी की नाही हे मले ठरवावं लागलं नाही, सरकारी कामात वरून नकार आला की बरं वाटते तसं. मग तिथं बसून मले रडू आलं. पोरीले वाटलं उंचीमुळं होते, तिनं मले पाणी पाजलं आणि गोळी दिली. पुढच्या तलावावर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. प्रत्येक ठिकाणी मी पिशवी काढायची आणि पुन्हा आत ठेवायची. पोरीनं नंतर विचारणं सोडलं.

सगळ्यात मोठी खिंड चढताना माझा दम असा तुटला की चार पावलं टाकायची आणि काठीवर टेकायचं. पोरगी पुढं जाऊन थांबे, मी पोचली की पुन्हा पुढं. वर पोचलो तेव्हा मागचे तलाव खाली एकाखाली एक दिसत होते, आणि मले आनंद व्हायले पाहिजे होता, सगळे ओरडून राहिले होते. मी मात्र विचार करत होती की दिवाळी किती जवळ आली. उतरताना गुडघा गेला. गाइडनं आधार देऊन कुरणात आणलं. तिथं मेंढ्यावाल्यांचे डेरे होते, उन्हाळाभर ते लोक वर राहतात. एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल, नाही तर लहान, त्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. तिची भाषा मले येत नव्हती, माझी तिले. तिनं गुडघ्याकडं पाहिलं, आत गेली, खारट चहा आणला आणि मक्याच्या जाड जाड रोट्या. ताट दिलं नाही, सरळ माझ्यासमोर वाकली, रोट्या हातात धरून. आणि आई, मी काय केलं? मी ओढणी पसरली. दोन्ही हातांनी, मांडीवर. तिनं त्यात रोट्या ठेवल्या, मी एका रोटीचा तुकडा मोडला आणि तिच्या हातात परत दिला.

ती हसली. तिले वाटलं असेल, कशी बाई आहे, दिलेलं परत करते. गाइडही हसला. मी मात्र तशीच बसली, कारण माझ्या कानात तू बोलली. "चार दाणे परत टाक डब्यात."

लग्नानंतर मी भिलाईले सासरी परत निघाली की तू दर वेळी तांदूळ द्यायची. सणाले नाही, पाटावर बसवून नाही, हळदकुंकू नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, गॅसचं, मावशीच्या तब्येतीचं, रिक्षावाल्याचं बोलत बोलत, डब्यातून ओंजळीनं माझ्या पदरात टाकायची. पदरातच. मी म्हणायची, पिशवी दे ना, सांडते. तू म्हणायची, धर नीट. मग पिशवी. आणि मी निघणार तेवढ्यात, "चार दाणे परत टाक डब्यात." मी चिडायची. "भिलाईत तांदूळ भेटत नाही काय आई?" तू म्हणायची, "घरचा आहे, वाटेत लागते." वाटेत! एवढ्याशा वाटेत कच्चा तांदूळ कोणाले लागते? दुसऱ्या बाया माझी ओटी भरायच्या तेव्हाही चार दाणे परत द्यायचे असतात, माहेर रिकामं करून जाऊ नये म्हणून, हे मले माहीत होतं. मी स्वतः कितींची ओटी भरली. तरी दोन गोष्टी कधी जोडून पाहिल्या नाहीत. उभी बाई, बोलती बाई, रिक्षा दारात, कोणाले सुचेल?

की तसं काही नव्हतंच? इथंच माझं डोकं थांबते. तू तांदळाचा डबा कधी पूर्ण रिकामा होऊ देत नव्हती, तो तुझा स्वभावच होता. तू काटकसरी, चार दाणेही सोडत नव्हती. आणि जी बाई मले पिठाच्या हातानं मंडपाकडं ढकलते, ती मागून स्वयंपाकघरात चोरून ओटी भरेल? तुझा विश्वास होता तर भरली काहून? नव्हता तर लपवली काहून? आणि लपवून भरली तर माझा संसार इतकी वर्षं चांगला चालला तो तुझ्या ओटीनं, की मामीच्या? आणि तुझे जावई गेले ते मग कोणामुळं? पाहा, कुठल्या कुठं जाते मी. खिंडीतून दोन्हीकडं उतार असते, तसं झालं आहे. मले एकदा तुले समोर बसवून विचारायचं आहे, आणि तू असती तर तू नक्कीच म्हटलं असतं, "काय डोकं खाते व, चहा टाक."

श्रीनगरच्या विमानतळावर आमच्या वाटा वेगळ्या होत्या, ती बंगलोरले, मी दिल्लीहून रायपूरले. बाकड्यावर बसलो. ती म्हणाली, "मम्मी, बताया नहीं आपने." मी बॅगेतून पिशवी काढली, सगळ्या तलावांवरून तशीच फिरून आलेली. म्हटलं, ओढणी धर. "यहाँ?" धर म्हटलं ना. आजूबाजूले फौजी, हनिमूनवाले, एक म्हातारे सरदारजी, सगळे पाहून राहिले. मी बसली नाही, आई, उभीच होती. हिरवा खण आधी टाकला, मग ओंजळी. घाईघाईत अर्धा तांदूळ फरशीवर गेला, आणि पोरीनं तो वेचून वेचून ओढणीत घेतला. विमानाच्या वेळेचं, गुडघ्याचं, तिच्या गरम पाण्याच्या बाटलीचं, काय काय बोलत होती मी. बोलल्याशिवाय ते होत नव्हतं.

तिनं ओढणीची गाठ मारली आणि माझ्याकडं पाहिलं. "मम्मी, ये वही है न?"

जे मी तुले कधी विचारलं नाही ते तिनं एका दमात विचारलं. आणि मी म्हटलं, "उरलेला तांदूळ आहे. तिथं शिजवून खाजो." वर म्हटलं, "चार दाणे मले परत दे."

तिनं गाठ सोडली, चार दाणे मोजून माझ्या हातावर ठेवले, आणि माझ्या पाया पडली, तिथंच, फरशीवर, जी गोष्ट ती कधी करत नाही.

जाऊबाईंले अजून फोन केला नाही. करीन, पण त्यांले भरू द्यावी, की भरून झाली म्हणून सांगावं, ते ठरत नाही. दाणे टेबलावर आहेत, डब्यात टाकले नाहीत. आई, मी पोरीशी खोटं बोलली. पण तू माझ्याशी खोटं बोलत होती काय, तेवढं मात्र मले खरंच माहीत नाही.