परत गेलेले पैसे

४ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरनेही पैसे परत घेतले! दादाने जेवताना सांगितलं, मीठ मागावं तशा आवाजात. पेन तिकडे पोचलं, त्याने सही करून घेतलं, आणि मग स्वतःच्या बँकेला कळवलं की माल मिळालाच नाही. बँक म्हणे गिऱ्हाइकाचंच ऐकते. समुद्रापलीकडच्या माणसाचं आपण काय वाकडं करणार?

त्या काळ्या पेनावर आठवडा घातला होता मी. आतली शाईची रबरी पिशवी डांबरासारखी चिकटलेली — कोरून कोरून काढली. निब वाकडी होती, ती नखाने दाबत दाबत सरळ केली. आणि गिऱ्हाईक हे असं. गोड बोलून गळा कापणारं.

दादा म्हणाला, म्हणूनच व्यवहार माझ्याकडे असलेला बरा. साइटवरचं जुन्या पेनांचं दुकान त्याच्या नावाने, बँकेचं खातं त्याचं, निरोप येतात तेही त्याच्या फोनवर. मी मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारच्या टेबलावर. मशीन फिरू लागलं की निब ठेवून द्यायची, हात हलतो.

९ फेब्रुवारी

वेगळी खोली भाड्याने घ्यायचा विषय काढला. दादा चिडला नाही. तो कधीच चिडत नाही. समोर बसवून समजावलं — परदेशी गिऱ्हाइकांपैकी निम्मी पैसे परत ओढतात, उरतं ते टपालात जातं, खोलीचं भाडं कुठून देशील?

"इथे तुला काय कमी आहे?"

काही नाही. नवऱ्याला सोडून आले तेव्हा याच घराने दार उघडलं. हे तो बोलून दाखवत नाही. गरजच पडत नाही. येताना आठवणीने माझ्यासाठी डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आला होता. घातले. रडू आलं ते त्यात खपून गेलं.

१० फेब्रुवारी

काम. दुसरं काही नाही.

१३ फेब्रुवारी

वहिनी हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली, चपला काढता काढता म्हणाली, तुझ्या पेनाचं कौतुक आलंय त्या साइटवर, वाचलंस का? आणि आंघोळीला गेली.

मी ते दुकान कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. दादा म्हणायचा, नको बघूस, उगाच डोकं फिरेल. आज माझ्या फोनवर उघडलं. कुणालाही दिसतं की! आणि त्यात दातांचे डॉक्टर. पाच तारे. लिहिलंय, रुग्णांच्या चिठ्ठ्या आता याच पेनाने लिहितो, इतकं सुरेख काम कुठे पाहिलं नाही, पुन्हा इथूनच घेणार.

पैसे बुडवणारा माणूस असं लिहील?

१६ फेब्रुवारी

साइटवर माझ्या नावाने नोंदणी केली आणि डॉक्टरांना विचारलं. मोडकंतोडकं लिहिलं, पण लिहिलं. आज उत्तर आलं. त्यांनी पूर्ण पैसे भरले होते. परत कधीच मागितले नाहीत. काही घोटाळा झालाय का, असं विचारलंय बिचाऱ्यांनी.

घोटाळा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. मला म्हणाला, चहा टाकतेस?

टाकला.

१७ फेब्रुवारी

विचारू का त्याला? विचारलं तर काय होईल? दुकान त्याचं, घर त्याचं. माझं ओळखपत्रसुद्धा त्याच्या कपाटात, "हरवेल म्हणून". तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि किती जणांना शिव्या घातल्या मी मनात! परदेशातल्या कुठल्या कुठल्या माणसांना, ज्यांनी पैसे मुकाट्याने मोजले होते.

२० फेब्रुवारी

जेवताना दादाला म्हटलं, ओळखपत्र हवंय, डोळे दाखवायला हॉस्पिटलमध्ये जायचंय. वहिनी तिथेच काम करते. नंबर लावलेला नाही हे तिला ठाऊक असणार. ती उठली, ताटं गोळा केली, आत गेली. दादा म्हणाला, उद्या संध्याकाळी आठवणीने परत दे.

२१ फेब्रुवारी

बँकेत जाऊन आले! खिडकीपलीकडच्या बाई चष्म्यावरून बघतात, वाटलं आता हाकलणार. मी सगळं एका दमात सांगितलं — पेनं, परदेशी गिऱ्हाइकं. दादाचं सोडून. त्यांनी खातं उघडायचा फॉर्म पुढे सरकवला आणि स्वतःच बोलत राहिल्या. पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. खातं आपल्या डोळ्यांनी बघायचं, मगच पार्सल सोडायचं. साइटच्या बाहेर व्यवहार नको, कितीही गोड बोलला तरी. टपालाची पावती जपायची, पोचल्याची सही घ्यायची, म्हणजे उद्या कुणी "मिळालंच नाही" म्हटलं तर हाती पुरावा. आणि पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही. मागितला की समजायचं, चोर.

शेवटी म्हणाल्या, "आणि खात्याचा पासवर्ड घरातल्यांनाही द्यायचा नाही. कुणालाच."

मी काही बोलले नव्हते. चेहऱ्यावर दिसतं की काय?

ओळखपत्र संध्याकाळी परत दिलं.

२ मार्च

माझं दुकान उघडलं. माल म्हणून बाबांची स्वतःची तीन पेनं. बाकी सगळं दादाच्या दुकानात मांडलेलं. ज्यांनी निब धरायला शिकवलं त्यांचीच पेनं विकायची — पण ती तेवढीच माझी आहेत.

पहिलाच निरोप एका भामट्याचा. किमतीच्या दुप्पट पैसे देतो, वरचे तुम्ही माझ्या पार्सलवाल्याला पाठवून द्या! म्हणजे त्याचे येणार खोटे आणि माझे जाणार खरे. बाईंनी हेही सांगितलं होतं. निरोप उडवला. मग डॉक्टरांना लिहिलं, तुमचं काळं पेन मीच दुरुस्त केलं होतं, आता माझ्याकडून घ्या.

५ मार्च

दुकान बंद! साइटने टाळं लावलं. तक्रार कुणाची, तर डॉक्टरांची. त्यांनी सरळ लिहिलंय — ओळखीच्या दुकानाचं काम आपलं म्हणून सांगायचं, नवं नाव, नवं खातं, फसवणारे अगदी असंच करतात. माफ करा, खबरदारी घ्यावी लागते.

बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. दादाचा खोटा कारभार जगाला खरा दिसतो आणि मी चोर. दिवसभर मागच्या खोलीत बसून होते. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत. तिला खिडकीच नाही.

७ मार्च

डॉक्टरांना पुन्हा लिहिलं. गयावया केली नाही. एवढंच — तुमच्या काळ्या पेनाचा निबेकडचा भाग हलकेच फिरवून काढा. आत नवी पिशवी आहे, तिच्या तोंडाशी हिरवा रेशमी दोरा गुंडाळलाय, सात वेढे. काळा संपला होता. हे दुकानाच्या कुठल्याही फोटोत नाही. ज्याने बांधला त्यालाच ठाऊक.

९ मार्च

डॉक्टरांचं उत्तर: "हिरवाच आहे. मला क्षमा करा."

तक्रार मागे घेतली, साइटलाही कळवलं. टाळं निघालं. बाबांचं तांबडं पेन त्यांनीच घेतलं. आनंद झाला, पण लगेच नाही. अंगात भीती इतकी मुरलीय की आधी दाराकडे पाहिलं.

१२ मार्च

पैसे जमा. बाईंनी सांगितल्याप्रमाणे स्वतः खात्यात पाहिलं, मग पेन टपालात दिलं. माझ्या नावापुढे माझ्या कामाचे पैसे. दोनदा पाहिलं.

घरी आले तर मागच्या खोलीत माझ्या टेबलावर बँकेचं पाकीट. ठळक शिक्का, माझं नाव. पोस्टमनकडून वहिनीने घेतलेलं. फोडलेलं नव्हतं, पण फोडायची गरज काय? संपलं. दादा येईल, ती सांगेल, तो चिडणार नाही, समोर बसवून समजावेल. आणि मी ऐकेन.

दादा आला. जेवण झालं. वहिनी काही बोलली नाही. आज नाही तर उद्या.

१३ मार्च

दादा कामावर गेल्यावर वहिनी मागच्या खोलीत आली. मशीन चालू केलं, आत कपडे न टाकताच. नुसता आवाज. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "माझा पगार लग्नापासून ह्यांच्याच खात्यात जातो. खातं उघडायला बँकेत कोणत्या खिडकीवर जायचं?"