टोमॅटोचं 'साकु'

महादेवपुरा, बेंगळुरू

चि. सौ. भागूस दादाचे आशीर्वाद.

तुझी निधी खुशाल आहे. प्रयोगशाळेत टोमॅटोची झाडं सांभाळते. सांगत होती, "मामा, क जीवनसत्त्व पुरेसं झालं की पान आपणहून 'साकु' म्हणतं, कानडीत 'पुरे', आणि बनवणं थांबवतं." हिने तो लगामच काढलाय. झाड बनवतच राहतं.

मला मात्र संशय येतो. जेवताना ही दोन घासांत "साकु" म्हणते, कामाला कधीच नाही. काल बेसिनमध्ये रक्त दिसलं. "ब्रश टोचला," म्हणाली. ब्रश मऊ आहे, मी बोट लावून बघितलं. क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्या अशाच रक्ताळतात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आवळे वाळवलेस का? असतील तर धाड. मी मुक्काम वाढवतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "मामा, आता साकु!"

म्हटलं, "मला कानडी येत नाही, बाई."

तुझा,
पुरुषोत्तमदादा