काजळीचा प्रवासी

१२ फेब्रुवारी

चित्रातल्या मधल्या प्रवाशात आज अकरा तडे. गेल्या आठवड्यात सात होते. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी मायफळ आणि हिराकसाच्या शाईने रोमचे पडके खांब काढले, त्यांच्यामधून चाललेली तीन माणसं काढली. तीच शाई आता कागद खाते आहे. पाणी लावलं तर आम्ल पसरेल. नाही लावलं तर कागद असाच तुटत जाईल.

१३ फेब्रुवारी

संग्रहालयप्रमुख गालेफीबाई दारातूनच — "काय डॉक्टरीणबाई, पेशंट प्रदर्शनापर्यंत तग धरेल ना?"

"मागे चिकटवलेला जुना कागद चित्राला ओढतोय. तो सोडवला नाही, तर कदाचित."

"कदाचित! भिंतीवर तेच टांगू का?" सोडवायचाच, म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी

इन्फ्रारेड छायाचित्र काढलं. हिराकसाची शाई त्यात दिसेनाशी होते. खांब गेले, कमान गेली, दोन प्रवासी गेले. तिसरा मात्र तसाच — काळाकुळकुळीत! काजळीची शाई. नंतर कोणीतरी काढलेला.

मागच्या कागदाच्या कोपऱ्यात, सगळं शहर चिखलात गेलं त्या पुराचं साल आणि 'ओ. बी.' ही अक्षरं. म्हणजे ओरेस्ते बाची. माझे मास्तर.

"भोक पडलं तर भोक ठेवायचं. तिथे आपली रेघ मारतो तो चोर!" — हे मला त्यांनीच शिकवलं.

१६ फेब्रुवारी

चित्राच्या तपासणीचा अहवाल उघडला. बंद केला.

१७ फेब्रुवारी

मास्तरांकडे गेले. छायाचित्र टेबलावर ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग सूपाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खा आधी. उपाशीपोटी कोणाला फासावर चढवू नये."

मी चमचा उचलला.

"पुराने नाही नेला त्या तिसऱ्याला. चिखल धुताना माझ्या बोटांखाली विरघळला. बावीस वर्षांचा होतो."

"सांगायचं होतंत."

"कोणाला? तो कसा उभा होता, मला पाठ होतं गं पोरी." मग — "अहवालात काय लिहिशील?"

"जे आहे ते."

त्यांनी मान हलवली. पाव मोडून अर्धा मला दिला. ऐंशीव्या वर्षीही हात स्थिर आहे त्यांचा.

२० फेब्रुवारी

सकाळी दहा चाळीस. मागचा कागद सोडवताना मधल्या प्रवाशाचा माझ्या चिमट्याखाली भुगा झाला. खोलीत कोणी नव्हतं. अहवाल अजून कोराच आहे.

तो कसा उभा होता, मला पाठ आहे.